रेझांग लाचा नर्सिंग असिस्टंट

दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक उभं राहिलं ते 2019 मध्ये. तिथल्या वीरता चक्रात ब्राँझची सहा भित्तिशिल्पं आहेत, धुळ्याच्या गोंदूरहून येऊन नोएडात स्थिरावलेल्या राम सुतारांच्या हातची. त्यातलं एक रेझांग लाच्या लढाईचं. तिथे थांबणारा प्रत्येक जण परमवीर मेजर शैतान सिंगांचं नाव घेतो, आणि ते रास्तच आहे. शिपाई धर्मपाल दहिया हे नाव मात्र दिल्लीकरांनाही सहसा ठाऊक नसतं.

18 नोव्हेंबर 1962, चीनशी युद्ध चालू होतं. लडाखमध्ये चुशूलजवळ, रेझांग ला खिंडीत, सुमारे 16 हजार फुटांवर 13 कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंगांच्या हाताखाली जेमतेम सव्वाशे जवान. बहुतेक रेवाडी, गुडगाव, महेंद्रगडकडचे अहीर. मध्ये डोंगर आडवा, त्यामुळे आपल्या तोफांचा काही उपयोग नव्हता. हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. धर्मपाल आर्मी मेडिकल कोअरचा, या कंपनीबरोबरचा नर्सिंग असिस्टंट. दहिया हे सोनीपतकडचं जाट आडनाव. पलटणीचा डॉक्टर मागे एड पोस्टवर असतो. पुढच्या मोर्च्यात जखमीला पहिला हात लागतो तो नर्सिंग असिस्टंटचा. रक्त थांबवायचं, मॉर्फिन टोचायचं, मागे न्यायला कुणी येईपर्यंत जीव तगवायचा. रेझांग लावर मागे न्यायला कुणी उरलंच नाही. 114 जण पडले.

मोजके जे वाचले, त्यांचं सांगणं सुरुवातीला कुणी खरं मानेना. बासष्टचं चीन युद्ध म्हणजे पराभव, एवढंच डोक्यात बसलेलं. त्यात शेवटच्या गोळीपर्यंत लढलेली कंपनी कुठे बसवायची? जानेवारी 1963 मध्ये लता मंगेशकरांनी दिल्लीत शहिदांसाठी गाणं गायलं, तेव्हा रेझांग लावर पडलेले जवान अजून तिथेच, बर्फाखाली होते. फेब्रुवारीत एका मेंढपाळाला मृतदेह दिसले. मग शोधपथक वर गेलं. जवान आपापल्या मोर्च्यांत, हातात शस्त्रं तशीच. धर्मपालच्या हातात बँडेज आणि इंजेक्शनची सिरिंज. जखमीला पट्टी बांधतानाच त्याला गोळी लागली होती. वाचलेल्यांवर शंका घेणाऱ्यांना यापुढे वेगळा पंचनामा लागला नाही.

पुण्यातल्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयामुळे लष्करी डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्याही पुढे, खंदकात बसणारा हा शिपाई आपल्या गणतीत नसतो. सरकारने तरी तो गणला. रेझांग लासाठी एक परमवीर चक्र आणि आठ वीर चक्रं दिली गेली. त्या आठांतलं एक धर्मपाल दहियाचं, मरणोत्तर.