अंतरपाटाच्या अलीकडे

नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरला की जाणता शूटिंगवाला आधी आपली बाजू ठरवतो. मांडवाच्या एकाच अंगाला राहिलं तर नवरा उजवीकडे बघताना दिसतो आणि नवरी डावीकडे. हे दोन शॉट एकामागोमाग लावले की ती समोरासमोर उभी आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरा कॅमेरा पलीकडे गेला, की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला तोंड करून एसटीची वाट बघत असल्यासारखी! सिनेमाच्या शाळेत याला १८० अंशांचा नियम म्हणतात. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या, मळेकरणी देवीच्या उचगावात लग्न असलं तरी नियम तोच.

मिक्सिंगला, म्हणजे संकलनाला, बसल्यावर खरी गोची होते ती अक्षतांची. प्रत्येक मंगलाष्टकाला ‘सावधान’ झालं की अक्षता पडतात. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत नवरीच्या केसांत, खांद्यावर तांदूळ साचलेले असतात. तिचा शेवटी टिपलेला छान चेहरा उचलून सुरुवातीला लावला, तर ते तांदूळ चहाडी करतात. मग आवाज सलग ठेवायचा, भटजींचा सूर कुठेही तुटू द्यायचा नाही आणि मध्ये पाठीशी उभा मामा, पदराने डोळे टिपणारी आई असे शॉट पेरायचे. कान अडखळला नाही तर डोळा बरंच माफ करतो. तांदळाची चूक क्वचितच कुणाच्या लक्षात येते. आईचा शॉट घाईने तोडला तर मात्र सगळ्यांना खटकतं.

कानाची ही ताकद प्रभात फिल्म कंपनीच्या मंडळींना चांगली ठाऊक होती. निपाणीपलीकडच्या कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या ‘कुंकू’त (१९३७) दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, दृश्यातल्याच आवाजांवर प्रसंग तोलून धरले. ‘सैराट’मध्ये (२०१६) नागराज मंजुळे आणि संकलक कुतुब इनामदार उलट्या वाटेने गेले. शेवटी नायिकेच्या माहेरची माणसं येतात, चहा होतो, पण वार दिसतच नाहीत. लहान मूल घरी परततं आणि आवाजच काढून घेतला जातो. गाण्यांनी दणाणलेल्या सिनेमात ती शांतता सोसवत नाही. काय कापलं, यावर सगळा शेवट उभा आहे.

लग्नाच्या व्हिडिओत असं कापणं पूर्वी सोपं नव्हतं. व्हीएचएसच्या काळात एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवत जावं लागे. मध्येच एक शॉट घुसवायचा तर पुढचं सगळं पुन्हा, आणि कॉपीची कॉपी केली की चित्र फिकं. बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवण्याची हौस मात्र दांडगी! आता एडियससारख्या सॉफ्टवेअरवर हवा तो तुकडा हवा तिथे सरकवता येतो. सोय झाली, पण हात सैल पडला. म्हणूनच पाच मिनिटांची ‘हायलाइट’ मला तीन तासांच्या व्हिडिओपेक्षा अवघड वाटते.

आहेराला मात्र कात्री लावू नये, या मताचा मी आहे. पाहुण्यांची रांग कंटाळवाणी असते, मान्य. पण काठी टेकत आलेली आजी, पाकीट देताना हळूच काहीतरी पुटपुटणारे काका, हे चालते-बोलते दुसरीकडे कुठे मिळणार? हायलाइट वेगळी करावी आणि आहेर पुरता ठेवावा. घरच्यांचा पहिला फोन तसाही ‘आमचे काका कुठे गेले?’ असाच येतो.