द्राक्षांच्या वाळवणाची वाइन

वाळवण म्हटलं की आपल्याला कडक ऊन आठवतं. पण इटलीत व्हेरोना शहराजवळच्या वालपोलिचेल्ला भागात हिवाळ्याच्या तोंडावर द्राक्षांचं वाळवण घालतात, तेही हवेशीर माळ्यावर! कोर्विनासारख्या काळ्या द्राक्षांचे निवडक घोस तिथे तीन-चार महिने पसरून ठेवतात. वजन तिसऱ्या हिश्शाने तरी घटतं. साखर आणि स्वाद मात्र दाट होतात. मग रस आंबवताना जवळजवळ सगळ्या साखरेचं मद्य बनतं. म्हणून ही तांबडी ‘आमारोने’ गोड नसते. ‘आमारो’ म्हणजे कडू. मद्यांश किमान १४ टक्के, पुष्कळदा १५-१६.

अशा जड वाइनपुढे साध्या माशाची चव पार हरवते. तिच्या जोडीला तिथे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मांस, जुनं मुरलेलं चीज किंवा तिच्यातच शिजवलेला ‘रिसोत्तो’ भात वाढतात. मांस-चीजमधल्या प्रथिनांनी आणि स्निग्धतेने तिचा तुरटपणा मवाळ होतो.

मात्र मैत्रिणींनो, जोरदार वाइनबरोबर झणझणीत रस्सा, हे गणित चुकतं बरं का! मद्याने तिखटाची आग आणखी भडकते. आणि पेला लहानच भरावा. गाडी चालवणाऱ्याला तर तोही नको.