अंगातले घड्याळ आणि पळण्याचा सराव

मित्रांनो, कोंबड्याजवळ घड्याळ नसते, तरी तो पहाटे आरवतो. कारण त्याच्या अंगातच घड्याळ असते. तसे घड्याळ आपल्याही अंगात आहे. ते मेंदूत असते आणि तांदळाच्या दाण्याएवढे लहान असते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते रोज बरोबर लागते. झोप कधी यायची, जाग कधी यायची, हे ठरवायला ते मदत करते. असे घड्याळ कसे चालते, हे हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माश्यांवर प्रयोग करून शोधले. त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, याचा पळण्याशी काय संबंध? संबंध आहे. आपले अंग दिवसभर सारखेच गरम नसते. पहाटे ते सर्वांत थंड असते आणि संध्याकाळच्या सुमारास सर्वांत गरम असते. फरक असतो अर्धा ते एक अंश सेल्सिअस. पण तेवढ्यानेही स्नायू मोकळे होतात. म्हणून बहुतेकांना संध्याकाळी जोरात पळता येतं, लांब उडी मारता येते. पहाटे मात्र अंग आखडलेलं असतं.

मग शर्यत सकाळी असेल तर काय करायचे? सराव सकाळीच करायचा. रोज ज्या वेळी सराव करावा, त्या वेळेची अंगाला सवय होते. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या अंतिम शर्यती सकाळी ठेवल्या होत्या. म्हणून पोहणाऱ्यांनी आधीपासून सकाळी जोरात पोहण्याचा सराव केला होता. मात्र सकाळी एकदम पळू नये. आधी जागेवर पळावे, हातपाय मोकळे करावेत, अंग गरम झाले की मग जोर लावावा.

आईवडिलांनाही एक विनंती आहे. शर्यत जवळ आली की काही घरी मुलांना पहाटे चारलाच उठवतात. पण आमच्या वयाच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास झोप लागते. दहाला झोपून चारला उठलं तर सहाच तास होतात. मग पाय जड होतात आणि वर्गात डुलक्या येतात. लवकर उठवायचे असेल तर आम्हाला लवकर झोपू द्या. रात्री मोबाईल बघत बसलं तर त्याच्या उजेडाने अंगातले घड्याळ मागे पडते.

मित्रांनो, एक प्रयोग करा. चार दिवस सकाळी आणि संध्याकाळी एकाच जागी लांब उडी मारा. प्रत्येक उडी टेपने मोजून वहीत लिहा. एका दिवसावरून काही ठरवू नका. चार दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडा, म्हणजे तुमचे घड्याळ तुम्हालाच कळेल.

— इयत्ता ४ थी