बसलेला हात
(लेखमाला : सीमेपलीकडचे रुग्ण, भाग ५)

गेल्या आठवड्यात आपण खर्चाचा हिशेब मांडला. परदेशात परवडत नाही ती शस्त्रक्रिया भारतात कितीतरी कमी पैशांत होते, हे खरंच आहे. पण नुसती स्वस्ताई पाहून कुणी छाती उघडून घ्यायला विमानात बसत नाही. तो आधी विचारतो, ‘यांनी अशा आजवर किती केल्या?’

कॅनडात टोरांटोजवळ शोल्डाइस नावाचं रुग्णालय आहे. १९४५ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात हर्नियाशिवाय दुसरी शस्त्रक्रिया होत नाही. इथला एकेक सर्जन वर्षाला सहाशे-सातशे हर्निया करतो. रुग्ण टेबलावरून उतरून स्वतःच्या पायांनी चालत जातो. वजन जास्त असेल तर आधी कमी करून या, असं सांगितलं जातं आणि लोक ते ऐकतातही. तिथे परदेशातूनही रुग्ण येतात, ते या बसलेल्या हातासाठी.

हात एकट्या सर्जनचा बसून भागत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नवजात बाळाचं हृदय अक्रोडाएवढं असतं. त्यावर शस्त्रक्रिया चालू असताना हार्ट-लंग मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ, एवढ्याशा जिवाला भूल देणारा डॉक्टर, रात्री दोनला बाळाची लघवी कमी झालीय हे आकडा बघायच्या आधी ओळखणारी आयसीयूतली सिस्टर, या सगळ्यांचा हात बसावा लागतो. आठवड्याला एखादी केस येत असेल तर तो बसत नाही. रोज केस लागते.

रोजच्या केसेस कुठून येणार? बेंगळुरूच्या बोम्मसंद्र भागात डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेल्या नारायण हृदयालयाकडे पाहा. २००३ मध्ये कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ‘यशस्विनी’ विमा योजना सुरू झाली. सुरुवातीचा हप्ता महिन्याला पाच रुपये. ती उभी करण्यात शेट्टींचा मोठा वाटा होता. ज्यांनी कधी हृदयाच्या ऑपरेशनचा विचारही केला नसता, असे लोक त्यामुळे टेबलापर्यंत पोचू लागले. त्याच वर्षी जुलैत दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झाली आणि लाहोरची एक चिमुरडी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी याच रुग्णालयात आली. दोन्ही देशांचे डोळे तिच्याकडे लागले होते. परदेशी मुलीला बरं करणारे हात आपल्याच गोरगरिबांच्या मुलांवर तयार झाले होते.

नारायण हृदयालयाच्याच समूहाने २०१४ मध्ये केमन बेटांवर रुग्णालय काढलं. मायामी तिथून जेमतेम दीड तासावर, म्हणून अमेरिकी रुग्णांची रीघ लागेल अशी अपेक्षा होती. ती लागली नाही. बिल विमा कंपनी भरत असेल तर रुग्णाला स्वस्ताईचं अप्रूप कमीच. आले ते बेटांवरचे आणि कॅरिबियन देशांतले लोक, ज्यांच्याकडे ही सोयच नव्हती. भारतात येणाऱ्या परदेशी रुग्णांतही सर्वांत मोठा वाटा वर्षानुवर्षं बांगलादेशाचा राहिला आहे, श्रीमंत पाश्चात्त्य देशांचा नाही. धोरण आखणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

बसलेल्या हाताकडे रुग्ण आपणहून येतात, याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण मिरजेचं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केलं. हातगुण पसरला तसे कोकणातून, कर्नाटकातून रुग्ण येऊ लागले. ‘मेडिकल हब’ हा शब्दही तेव्हा नव्हता. आज तो शब्द आधी येतो, मग काचेची इमारत आणि सर्वांत शेवटी रुग्ण. हा क्रम उलटा आहे. हब व्हायचं असेल तर जिल्ह्याने एक दुखणं निवडावं, पहिली काही वर्षं ते आपल्याच माणसांचं बरं करावं आणि किती दगावले, किती जणांना जंतुसंसर्ग झाला हे दरवर्षी जाहीर करावं. परदेशी रुग्णासाठी स्थानिक माणसाची खाट अडत असेल, तर ते धोरण मला मान्य नाही.

परदेशी रुग्ण विचारतो तो प्रश्न विचारायचा हक्क तुम्हालाही आहे. घरातल्या कुणाला शस्त्रक्रियेसाठी दाखल करताना संकोच न करता विचारा : अशा किती केल्या आणि त्यातले किती बरे होऊन घरी गेले?