धुऊन गेलेला फुलोरा

यंदा आमच्या पारनेरच्या रानात बाजरी पेरलीच नाही. पुतण्या म्हणाला, "काका, आता मका." गेल्या साली ऐन फुलोऱ्यात चार दिवस झड लागली. कणसं हातभर लांब, पण दाणा चिमण्यांपुरता. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी पाऊस सरासरीइतकाच झाल्याचं दाखवलं आणि वही मिटली.

हा हिशेब मी लहानपणापासून ऐकतोय. 1965 साली लुधियानाहून एचबी-1 हे बाजरीचं पहिलं संकरित वाण आलं, मागोमाग एचबी-3. आमच्याकडे ते सत्तरच्या दशकात पोचलं. त्याआधीची गावरान बाजरी बेशिस्त होती. एक ताट पोटरीत, दुसरं फुलोऱ्यात, तिसऱ्याचा दाणा भरत आलेला. कापणीला आई वैतागायची. पण बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात आणि स्वतःचा पराग दोन-तीन दिवसांनी. तोवर शेजारच्या ताटाचा पराग कामी यायचा. एका पावसाला सगळं रान कधी सापडलं नाही.

संकरित वाण मात्र पलटणीसारखं एकदम निसवलं. पोती वाढली, हे मी नाकारणार नाही. पण पूर्वा नक्षत्रात दोन दिवस पाऊस लागला की सगळ्यांचाच पराग भिजायचा. परागावाचून ताटकळलेल्या स्त्रीकेसरांतून अरगटाची बुरशी आत शिरायची आणि कणसांवर गुलाबी, चिकट थेंब यायचे. पराग मिळाला असता, तर ते केसर सुकून बुरशीची वाटच बंद झाली असती. तालुक्याच्या साहेबांनी वडिलांना चारचौघांत सुनावलं, "बी नीट निवडत नाही तुम्ही." त्यानंतर आई दरसाल 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ घालून बी बुडवायची आणि तरंगलेलं काढून टाकायची. अरगट तरीही यायचा. ढगांना मीठ कोण लावणार?

पुढची वर्षं वाणांच्या नावांतच गेली. राहुरीच्या विद्यापीठाने 'श्रद्धा' आणि 'सबुरी' काढली. शिर्डी जवळ असल्याचा परिणाम असावा. 2023 मध्ये जगाने भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, मोठ्या हॉटेलांत बाजरीची बिस्किटं आली. पाऊस फुलोऱ्यावर पडला की दाणा भरल्यावर, याचा रकाना पंचनाम्यात आजही नाही.

मक्याचंही पुतण्याला सांगून पाहिलं. पावसाने ओढ दिली की तुरा पराग सांडून मोकळा होतो आणि कणसाचे केस मागाहून येतात.

"मग पेरू काय, तेवढं सांगा," तो म्हणाला.