खांद्यावर तांबडा पट्टा

हिरवा रंग आणि लाल चोच दिसली की आपण शहरवासी 'पोपट' म्हणून मोकळे होतो. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी हिंडताना जरा मान वर करून पाहा. नेहमीच्या पोपटांहून आडदांड असे दोनचार पक्षी संथ पंख मारीत जाताना दिसतील. आवाज भसाडा, चोच अडकित्त्यासारखी आणि खांद्यावर तांबडा पट्टा. हाच पहाडी पोपट! साधा पोपट शेपटीसकट सुमारे ४० सेंटिमीटर. हा ५५ च्या घरात जातो. इंग्रजीत त्याला सिकंदराचे नाव आहे. त्या बादशहाने पंजाबातून पोपट युरोपात नेले, असे सांगतात.

त्याची पंगत मी पुष्कळदा पाहिली आहे. पेरू, उंबर, फुलांतला मध, कोवळ्या कळ्या. शेतात उतरला तर मक्याचे कणीस. एका पायावर उभे राहून दुसऱ्याने फळ धरायचे, ऐटीत दोन घास घ्यायचे आणि उरलेले खाली टाकायचे! शेतकरी चिडतो तो काही उगाच नव्हे.

परंतु त्याचे दुखणे पोटाचे नाही, घराचे आहे. काटक्यांचे घरटे तो बांधीत नाही. त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. विणीचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. दोन ते चार अंडी, साडेतीन आठवडे उबवणे आणि पिल्लू उडेपर्यंत आणखी सुमारे सात आठवडे. चोर झाडावर चढतात ते याच दिवसांत. हात आत जाईना, की ढोलीच फोडतात. पिल्ले तर गेलीच, पुढच्या वर्षाचे बिऱ्हाडही गेले!

'पहाडी बोलतो छान', म्हणून त्याला गिऱ्हाईक. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो आज संकटाच्या उंबरठ्यावर आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार देशी पोपट धरणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंड एक लाख रुपयांपर्यंत वाढवला. तरीही "आमच्या मिठूला काय कमी आहे हो?" असे कौतुकाने सांगणारी घरे आहेतच. माया खरी असते, पिंजराही खराच असतो.

अशा घरांनी पोपट एकदम गॅलरीतून उडवून मात्र देऊ नये. त्याला ना दाणा शोधता येतो, ना ससाणा ओळखता येतो. तो वनखात्याच्या हवाली करावा. आणि मुलांना पोपट दाखवायचाच असेल, तर येत्या थंडीत भल्या पहाटे दुर्बीण घेऊन एखाद्या जुन्या झाडापासून चार हात दूर बसा. ढोलीच्या तोंडाशी लाल चोच दिसायला फार वेळ लागत नाही.