डेन्मार्कची पीएच.डी. : शिष्यवृत्ती नव्हे, पगाराची नोकरी

पीएच.डी. करायची म्हटले की आमच्या घरात पहिला प्रश्न उठतो तो पैशाचा. फेलोशिप मिळेल काय? मिळाली तर वेळेवर येईल काय? ती रखडली म्हणजे पुन्हा थोरल्या भावाच्या पगारावर दिवस काढायचे. हे दुखणे जुनेच आहे. खुद्द बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले.

म्हणून डेन्मार्कची पद्धत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तेथे पीएच.डी. करणारा हा बहुतांशी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. कोपनहेगन, आऱ्हूस, आल्बोर्ग ही विद्यापीठे असोत की तेथील तांत्रिक विद्यापीठ, जागा निघाली की संकेतस्थळावर उघड जाहिरात येते. विषय, अटी, शेवटची तारीख, सारे छापलेले. निवड झाली की तीन वर्षांचा करार होतो. पगार कुणा साहेबाच्या मर्जीवर नाही. तो कर्मचारी संघटना व सरकार यांच्यातील सामूहिक कराराने ठरतो. करापूर्वी महिन्याला ३० हजार क्रोनरच्या आसपास, वर पेन्शनचा हिस्सा. पगारी सुटी आहे. बाळंतपणाची रजा घेतली तर तेवढी मुदत वाढून मिळते. आमच्या मुलींनी हे ध्यानात घ्यावे.

बदल्यात कामही चोख घेतात. तीन वर्षांत बहुतेक ठिकाणी सुमारे ८४० तास शिकवणे किंवा विभागाचे काम, शिवाय अभ्यासक्रम, काही महिने दुसऱ्या संशोधन संस्थेत मुक्काम, आणि शेवटी सर्वांसमक्ष प्रबंधाचे समर्थन. मार्गदर्शकाला तेथे नावाने हाक मारतात. गाइडच्या घरची भाजी आणण्याचे काम मात्र करारात नसते!

एक घोटाळा टाळावा. हे सारे पीएच.डी.चे झाले. एम.ए., एम.एस्सी.साठी युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २००६ पासून तेथे फी भरावी लागते, आणि ती भारी असते. एजंट दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगतात, तेव्हा सावध राहावे.

सगळे गोड आहे असेही नाही. पगाराचा मोठा भाग करात जातो, कोपनहेगनमध्ये खोली मिळता मिळत नाही, आणि राहण्याचा परवाना त्याच नोकरीला बांधलेला असतो. तीन वर्षांनी कायम जागेची हमी कुणी देत नाही.

अर्ज जगभरातून येतात. तज्ज्ञ समिती ते तपासते. एकच अर्ज दहा ठिकाणी पाठवणारा तेथेच गळतो. आपला एम.ए.चा, एम.एस्सी.चा प्रबंध त्या जाहिरातीतल्या विषयाला कुठे भिडतो हे पहिल्या परिच्छेदात लिहिले पाहिजे. आमची मुले इथेच कमी पडतात. हुशारीत नाही, तर लिहून दाखवणारा वडीलधारा घरात नसतो म्हणून. चळवळीतील प्राध्यापक मंडळींनी आठवड्यातून एक संध्याकाळ काढून असे अर्ज वाचून दिले तर काय बिघडेल? जाहिराती वर्षभर येत असतात. गुणपत्रिकांच्या इंग्रजी प्रती आणि दोन शिफारसपत्रे आताच तयार ठेवावीत, कारण शेवटच्या तारखेनंतर आलेला अर्ज तेथे उघडूनही पाहत नाहीत.